वेळ कोणाच्या मालकीचा?

(१)

मागल्या पावसाळ्यात अमरावतीला एका वाचनालयात मराठी कादंबरीवर व्याख्यान होतं. तिसरी पाळी करून आलो, दोन तास डोळा लावला आणि नांदगाव पेठेहून बस धरून गेलो. व्याख्याते प्राध्यापक होते. बोलले चांगलं. त्यांचं नाव इथं देत नाही, कारण भांडण माणसाशी नाही, म्हणण्याशी आहे. आणि हे म्हणणं त्यांच्या एकट्याचंही नाही. पुस्तकी समीक्षेत ते सगळीकडे मुरलेलं आहे.

म्हणणं असं. मराठी कादंबरी स्वतःच्या सांगण्याकडे वळून पाहायला लागली ती 'कोसला'पासून. त्याआधीच्या कादंबऱ्यांत काळ सरळ रेषेत चालतो. आणि दलित आत्मकथनं? ती महत्त्वाची आहेत, समाजशास्त्राला फार उपयोगी आहेत, पण त्यांत काळाची गुंतागुंत नाही, निवेदनाची जाणीव नाही. जन्म, शाळा, भूक, अपमान, नोकरी, अशी ती एकामागून एक येतात. 'दस्तऐवज' हा शब्द त्यांनी चारदा वापरला. मी मोजला.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठलो. म्हटलं, सर, 'बलुतं' कोण सांगतो? ते म्हणाले, दया पवार. मी म्हटलं, सर, सुरुवातीचं पान एकदा पुन्हा बघा. सभेत हशा झाला. तो माझ्यावर होता की त्यांच्यावर, हे मला कळलं नाही. अध्यक्षांनी आभार मानले आणि चहा झाला.

माझं बोलणं तिथं अर्धंच राहिलं. ते इथं पुरं करतो. मी दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो, कविता लिहितो आणि मिळेल ते वाचतो. माझ्याकडून व्याख्या मागू नका. पण वेळ म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं. आमच्या गेटवर बोट लावायचं मशीन आहे. सात मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास कापतात.

(२)

कोणत्याही गोष्टीत दोन घड्याळं असतात. एक घडलेल्याचं. दुसरं सांगण्याचं. दहा वर्षं एका ओळीत संपतात आणि एक रात्र वीस पानं खाते. पुढचं आधी येतं, मागचं नंतर येतं. आणि कधी कधी सांगणारा मध्येच थांबून म्हणतो, अरे, मी हे का सांगतो आहे, कोणाला सांगतो आहे? प्राध्यापक लोक ज्याला निवेदनाची आत्मजाणीव म्हणतात, ती एवढीच.

ही जाणीव पुस्तकं वाचूनच येते असं नाही. माझी माय माझा जन्म तारखेने सांगत नाही. ती म्हणते, "तू पोटात होता तवा पऱ्हाटी अळीनं खाल्ली. तुहा बाप येचणीचे पैसे मांगाले गेला, अन् रिकाम्या हातानं आला." मग तिथून ती एकदम माझ्या आजीच्या मरणावर जाते, परत माझ्या बारशावर येते आणि मध्येच थांबते. "पण हे तुले कायले सांगून रायली मी? तुले कामावर जा लागते ना."

यात काय काय झालं ते बघा. तिने साल मोजलं ते दुसऱ्याच्या वावरातल्या पिकावरून, कारण आमचं वावर नाही. ती पुढे गेली, मागे आली. आणि शेवटी तिने स्वतःच्या सांगण्यालाच प्रश्न केला. तो प्रश्न हौसेचा नव्हता. ऐकणाऱ्याची पाळी जवळ आली होती म्हणून तिला थांबावं लागलं.

माझ्या बापाची जन्मतारीख एक जून आहे. आमच्या वस्तीत त्या वयाच्या बहुतेकांची एक जूनच आहे. शाळा सुरू होण्याआधीची सोयीची तारीख म्हणून गुरुजींनी लिहून टाकली. आमच्या लोकांचा वेळ असा दुसऱ्याच्या हाताने कागदावर चढला. म्हणून कादंबरीतला काळ असा विषय निघाला की माझा पहिला प्रश्न असतो, हा वेळ कोणाच्या मालकीचा? तो सरळ चालतो की वाकडा, हे मी नंतर बघतो.

(३)

त्या व्याख्यानात एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट निघाली. लॉरेन्स स्टर्न नावाच्या लेखकाने १७५९ ते १७६७ या काळात 'ट्रिस्ट्रम शँडी' नऊ खंडांत छापली. नायक स्वतःची जीवनकथा सांगायला बसतो आणि तिसऱ्या खंडापर्यंत जन्मच घेत नाही. पुढे तो हिशेब मांडतो की वर्षभर लिहिलं तेव्हा आयुष्याचा जेमतेम पहिला दिवस लिहून झाला. म्हणजे जितकं लिहावं तितकं लिहायचं उरणार. हा हिशेब मला फार आवडला. मीही हसलो. पण हसता हसता डोक्यात आलं की एका दिवसावर वर्षभर लिहिणाऱ्या या माणसाच्या घरी चूल कोण पेटवतं? तो खातापिता घरंदाज गृहस्थ आहे. त्याच्याजवळ वर्ष आहे, म्हणून तो ते एका दिवसावर उधळू शकतो.

आणि हे सगळं विलायतेतूनच आलं असंही कोणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तेराव्या शतकाच्या शेवटाकडे म्हाइंभटाने लीळाचरित्र रचलं ते याच गावच्या आसऱ्याने. चक्रधर निघून गेल्यावर ज्यांनी त्यांना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटाने आठवणी गोळा केल्या. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर तो एकाला खोटं पाडत नाही. अमक्याच्या म्हणण्याने असं आणि तमक्याच्या म्हणण्याने तसं, अशी नोंद ठेवतो. गोष्टीबरोबर ती सांगणाराही गोष्टीत असतो, ही समज मराठी गद्याला सुरुवातीपासून आहे. ती १९६३ साली पुण्यात जन्मली नाही.

(४)

आता कादंबऱ्यांकडे येतो.

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्याच पत्रात 'पण लक्षात कोण घेतो?' हप्त्याहप्त्याने आली, ती १८९३ पर्यंत. ब्राह्मण घरातली यमू आपली कथा स्वतः सांगते. लहानपण, लग्न, सासर, नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवणं, मुंबईचं बिऱ्हाड, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेलं केशवपन.

सर म्हणाले, इथं काळ सरळ आहे. वरवर पाहिलं तर आहे. पण सांगणारी यमू आणि भातुकली खेळणारी यमू या दोन बाया आहेत. एकीला पुढचं सगळं ठाऊक आहे, दुसरीला काहीच नाही. लहानपणीचा एखादा हट्ट सांगतानाही सांगणारीच्या डोक्यावर वस्तऱ्याची सावली आहे. वाचणाऱ्याला हसू येतं आणि त्याच वाक्यात भीती वाटते. काळ सरळ असता तर ही भीती आली नसती.

नावातही वाचणाऱ्याला प्रश्नच आहे. गोष्ट संपली, आता लक्षात कोण घेणार? कादंबरी छापली जात होती तेव्हाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. वय दहावरून बारा केलं गेलं आणि त्यावर पुण्यात केवढं रान उठलं. म्हणजे बाहेर भांडण चालू आणि दर आठवड्याला घरात यमू येते. पुस्तक हातात घेऊन वाचणाऱ्या आजच्या माणसाला हे तिसरं घड्याळ दिसत नाही. हप्त्याची वाट पाहणाऱ्याला ते ऐकू येत असणार.

आणि यमूचा वेळ कोणाचा? सासरच्यांचा. कधी उठायचं, कधी जेवायचं, नवऱ्याशी कधी बोलायचं, हे दुसरे ठरवतात. मुंबईच्या बिऱ्हाडात थोडे दिवस तिला स्वतःचा वेळ मिळतो, आणि त्याच दिवसांत ती वाचते, मोकळं बोलते. नवरा मेला की वेळही गेला. ही कादंबरी मला पटते ती इथे. बाईचा वेळ जप्त होतो, हे हरिभाऊंनी बरोबर पाहिलं.

त्यांना न दिसलेलं काय? यमूला उपाशी ठेवणाऱ्या घराचं अंगण कोण झाडत होतं, लाकडं कोण फोडत होतं, हे त्या घड्याळात येत नाही. आणि यमूचा 'मी' एका पुरुषाने, संपादकाच्या खुर्चीवर बसून लिहिलेला आहे. हे दूषण म्हणून सांगत नाही. पुढे याचं काम पडणार आहे म्हणून ध्यानात ठेवा.

(५)

'कोसला' १९६३ ची. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे, पांडुरंग सांगवीकरही पंचवीसचा. मी सव्विसावं चालू असताना हा लेख लिहितो आहे. म्हणून या पुस्तकाशी माझं जरा घरातलं भांडण आहे. चांगल्या पुस्तकाशीच माणूस भांडतो.

'कोसला'त काळाचे खेळ भरपूर आहेत, हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. एक भाग रोजनिशीचा आहे. एके ठिकाणी पांडुरंग आणि त्याचा मित्र पुढच्या काळातले इतिहाससंशोधक होऊन आजच्याच जगाकडे उत्खनन केल्यासारखं बघतात. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन शब्द तर पांडुरंग असे वापरतो की त्याचं स्वतःच्याच सांगण्यावरून मन उडालेलं दिसतं. वाक्य पुरं करण्याइतकीही कशाची किंमत नाही, असं ते 'वगैरे' सांगतं.

पण हे सगळं कशावर उभं आहे? पांडुरंगाचा बाप खानदेशातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी आहे. बापाशी पटत नाही, पण पैसे बापाकडूनच येतात. त्या पैशावर पुण्यात वसतिगृह, खानावळ, गॅदरिंग, चहा, रात्री-बेरात्रीचं हिंडणं. शेवटी बापाचे पैसे आणि आपली वर्षं दोन्ही वाया गेली, असा हिशेब घेऊन तो गावी येतो. वाया घालवायला आधी हातात असावी लागतात. पांडुरंगाजवळ वर्षं होती. ती त्याने घालवली, आणि घालवलेल्या वर्षांची कादंबरी झाली. मराठीत हे प्रथमच इतक्या खरेपणाने झालं, म्हणून मी त्या पुस्तकाला मान देतो.

पण कादंबरीतला सगळ्यात मोठा भाग मला विचाराल तर मनीचा मृत्यू. धाकटी बहीण जाते आणि तिथं पांडुरंगाचे सगळे खेळ बंद पडतात. ज्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्याला आता 'वगैरे' म्हणता येत नाही. सांगणं स्वतःकडे वळून बघतं ते इथे, आणि तिथं खेळ नाही, दुःख आहे. सरांनी उत्खननाचा प्रसंग दहा मिनिटं सांगितला. मनीचं नाव घेतलं नाही.

(६)

'कोसला'च्या तीन वर्षं आधी, १९६० मध्ये, 'धग' आली. लिहिणारे उद्धव शेळके आपल्या अमरावतीचे, लेखणीवर पोट भरणारे. आमच्या भागातल्या माणसाने ती वाचली नसेल तर त्याने आजच वाचावी. शिंप्याचं घर, कौतिक नावाची बाई, आणि दारिद्र्य.

'धग'मध्ये कोणी म्हणत नाही की मी गोष्ट सांगतो आहे. निवेदक बाहेर उभा आहे. तो पुस्तकातली मराठी बोलतो, आणि माणसं वऱ्हाडी बोलतात. काळ पुढेच जातो, कारण त्याला मागे वळायला फुरसत नाही. आजचं भागलं, उद्याचं काय? कौतिकचं सगळं घड्याळ या एका प्रश्नावर चालतं. तिचा काळ सरळ आहे तो लेखकाला वाकवता येत नव्हता म्हणून नव्हे. भुकेला मागलं-पुढलं नसतं.

तरी माझं एक म्हणणं आहे. कौतिकचं घर जळत असताना निवेदकाची भाषा इस्त्रीची राहते. माणसाचं बोलणं अवतरणात आणि लेखकाचं अवतरणाच्या बाहेर, ही जी भिंत आहे, तीही एक वर्णव्यवस्थाच आहे. शेळके तिच्या अगदी जवळ गेले. त्यांनी वऱ्हाडी बोली इतकी भरभरून आणली की भिंतीला ओल आली. भिंत पडली मात्र नाही.

(७)

आता 'बलुतं'. १९७८.

पहिल्याच पानांत दोन माणसं भेटतात. एक दया पवार. दुसरा दगडू मारुती पवार. दोघं एकच आहेत. 'दगडू मारुती' हे घरचं आणि कागदावरचं नाव, 'दया' हे लेखकाचं. दया दगडूला पाहतो, त्याला बोलतं करतो, आणि मग दगडू आपली कथा सांगतो. म्हणजे 'मी' सांगतो आणि 'मी'च ऐकतो. ही निवेदनाची जाणीव नसेल तर जाणीव म्हणायचं तरी कशाला?

नुसती युक्ती म्हणूनही हे सोडता येत नाही. दयाजवळ नोकरी आहे, पांढरा सदरा आहे, पुस्तकं आहेत, सभांमधली खुर्ची आहे. दगडूजवळ आठवण आहे. दयाला रविवार आहे, दगडूला नाही. दगडूचं जगणं सांगण्याइतका वेळ एकट्या दगडूला कधी मिळालाच नसता. आणि एकट्या दयाने ते सांगितलं असतं तर ते सदऱ्याच्या भाषेत गेलं असतं. 'धग'मधली ती भिंत इथं एका माणसाच्या आतून गेली आहे. फरक एवढा की इथं लेखकाने ती वाचकापुढे उघडी केली. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, याची त्याला लाज वाटते, आणि ती लाज त्याने लपवली नाही.

काळाचं बघा. गाव आणि मुंबईचा कावाखाना यांच्यामध्ये कथा सारखी जा-ये करते. गावाला काढलेल्या दिवसांत मुंबई शिरते, मुंबईच्या खोलीत गाव शिरतं. आठवण जिथं दुखते तिथं ती थांबते. एक जूनपासून सुरू होऊन निवृत्तीपर्यंत जाणारी सरळ रेषा मला तरी त्यात सापडली नाही.

आणि नावाचा अर्थ पाहा. बलुतं म्हणजे गावाचं काम वर्षभर करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागायचा. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, सरकारी माणसापुढे धावा. या कामाला पाळी नव्हती, भोंगा नव्हता, सुट्टी नव्हती. हाक आली की वेळ त्यांचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. कायद्याने हे वतन गेलं १९५८ मध्ये. म्हणजे दगडूच्या लहानपणाचं सगळं घड्याळ त्या वतनाच्या आतलं आहे. ज्याच्या बापजाद्यांचा चोवीस तासांतला एक तासही स्वतःचा नव्हता, तो माणूस बसून आपली गोष्ट आपल्या क्रमाने सांगतो, पाहिजे तिथं थांबतो, पाहिजे तिथं मागे जातो. असा माणूस काळाशी खेळ करत नाही. गेलेला वेळ तो वसूल करतो. बलुतं त्याने या पुस्तकात मागून घेतलं.

सर म्हणतील, अहो, पण ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे. ठीक. मग 'कोसला'चा पांडुरंग नेमाड्यांच्याच वयाचा, त्यांच्याच भागातला, पुण्यातच शिकायला गेलेला, तरी तो पात्र होतो. आणि दया पवारांनी स्वतःचे दोन तुकडे करून एकाला दुसऱ्यासमोर उभं केलं, तरी दगडू साक्षीदारच राहतो. एकाच्या जगण्याला कला म्हणायचं आणि दुसऱ्याच्या कलेला जगणं म्हणायचं, हा न्याय मला समजत नाही. आमच्या माणसाला समीक्षेतही पिंजऱ्यात उभं राहून शपथेवरच बोलावं लागतं.

(८)

यमूकडे परत जातो. मघाशी ध्यानात ठेवा म्हटलं होतं.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. यमूसारखीच हप्त्याहप्त्याने घरोघर गेलेली एका बाईची कथा. दोघींमध्ये नव्वदेक वर्षांचं अंतर. पण ही कोणा आपट्याने लिहिलेली नाही. फलटणला छोटं दुकान चालवत असताना माल बांधायच्या कागदांवर, गिऱ्हाईक नसेल तेवढ्या वेळात, बेबीताईंनी ती लिहिली. आणि नवऱ्याच्या भीतीने वीस वर्षं लपवून ठेवली.

ही वीस वर्षं कोणत्या घड्याळात धरायची? घडलेल्याचा काळ वेगळा, लिहिण्याचा वेगळा, आणि हा तिसरा, लपवण्याचा. स्टर्नच्या नायकाला लिहायला वर्ष पुरत नव्हतं. इथं लिहून झालेलं पुस्तक वीस वर्षं अडगळीत श्वास धरून पडलं आहे. त्या गृहस्थाचा हिशेब शिकवणाऱ्याने हा हिशेबही शिकवावा.

आणि या पुस्तकात 'मी' थोडा आहे, 'आम्ही' जास्त. आपल्या जन्मापासून सुरुवात करण्याऐवजी बेबीताई वीरगावचा महारवाडा आधी उभा करतात. त्यांच्या आधीच्या बायांचा काळ, आषाढातले दिवस, सासुरवास, मग बाबासाहेबांच्या हाकेने बदललेला वाडा. यमूला नव्वद वर्षांपूर्वी 'मी' म्हणणं हीच मोठी गोष्ट होती. बेबीताई त्याच्या पुढे गेल्या. एका बाईचा वेळ सगळ्या वाड्याच्या वेळात कसा मिसळलेला असतो, हे त्यांनी सांगण्याच्या रीतीतूनच दाखवलं. आणि आपल्या पुरुषांनी आपल्या बायांचा वेळ कसा खाल्ला, हेही झाकलं नाही. वतन आमच्या घरातही होतं. ते कोणत्याही कायद्याने गेलं नाही.

हे वाचून मी एकदा मायला विचारलं, तुले लिहिता आलं असतं तर काय लिहिलं असतं? ती म्हणाली, "लिव्हाले बसली असती तर सैपाक कोनं केला असता?" मी त्या दिवशी कविता लिहिली नाही. भांडी घासली.

(९)

आता थोडं आपल्याच लोकांना.

सरांवर रागवून मी घरी आलो खरा, पण झोपताना वाटलं, त्यांचं सगळंच चूक नाही. आपल्याकडे हल्ली हस्तलिखितं येतात ती चाळतो. अमक्या गावी जन्म, शाळेत मागं बसवलं, पाणी वरून वाढलं, बाप दारू प्यायचा, माय निंदायला जायची, वसतिगृह, नोकरी, जयभीम. यातलं एकही खोटं नाही. पण क्रम एकच. 'बलुतं'ला, 'जिणं आमुचं'ला जो क्रम स्वतःच्या दुखण्यातून शोधावा लागला, तो आपण तयार साच्यासारखा उचलतो. गुरुजींनी सगळ्यांना एक जून लिहून दिली, तसं हे झालं. दस्तऐवज म्हणणाऱ्यांना आपणच कागद पुरवतो.

माझ्या कवितांचंही तेच होतं. भूक मी पुस्तकातली लिहायचो. माझा खरा दिवस रिंगफ्रेमवर जातो. शेकडो चात्या फिरत असतात, धागा तुटला की सांधायचा, बॉबिन भरली की काढायची, रिकामी लावायची. आठ तासांत काही घडत नाही, आणि माणूस मात्र संपत येतो. पाळी दर आठवड्याला बदलते. कधी रात्र दिवसासारखी जाते, कधी मंगळवार येतच नाही. हा काळ मराठी कादंबरीत अजून कोणी धड मांडलेला नाही, आणि तो यमूच्या, पांडुरंगाच्या किंवा दगडूच्या घड्याळात बसणार नाही. त्याचं घड्याळ आपल्यालाच करावं लागेल.

एकदा कामावर खिशातल्या कागदावर दोन ओळी लिहिताना सुपरवायझरने पाहिलं. तो म्हणाला, कंपनीच्या वेळात काय लिहितोस? मी कागद दिला. त्याने वाचला, घडी केली आणि परत दिला. म्हणाला, अर्धा तास कापतो, पण लिही. तो चांगला माणूस होता. अर्धा तास मात्र कापला.

तेव्हा सर, आपल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. काळाची गुंतागुंत आमच्याकडे आहे. आम्ही ती शोधायला गेलो नाही, ती आमच्या बापाच्या जन्मतारखेतच होती. सांगण्याची जाणीव आमच्याकडे आहे. आम्हाला सांगू कोण देतो, किती वेळ देतो, हे पाहूनच आम्हाला तोंड उघडावं लागलं. पुढच्या व्याख्यानात 'कोसला' जरूर घ्या. मनीवर बोला. आणि शेजारी 'बलुतं' ठेवून पहिलं पान मोठ्याने वाचा.

व्याख्यान रविवारी ठेवा. आणि आधी सांगा, म्हणजे पाळी बदलून घेता येईल.

— नांदगाव पेठ